शहरातली लढाई आणि सुरक्षादलांतले बदल: मनमाडच्या रस्त्यापासून सीएसटीपर्यंत

शहरात शिरलेल्या सशस्त्र अतिरेक्यांशी लढताना सैन्याची नेहमीची ताकद फारशी उपयोगी पडत नाही. तोफा, रणगाडे, विमाने ही उघड्या मैदानाची साधने. शहरात प्रत्येक भिंत शत्रूला आडोसा देते, प्रत्येक बंद दारामागे निरपराध माणूस असू शकतो आणि वरच्या मजल्यावरचा एकटा बंदूकधारी खालच्या अख्ख्या तुकडीला अडवून धरतो. वेळेचे गणितही उलटे असते. मैदानात थांबून वेढा घालणारा वरचढ ठरतो. शहरात ओलीस धरलेली माणसे आत असतील, तर गेलेला प्रत्येक तास वेढा घालणाऱ्याच्या विरोधात जातो. त्यामुळे अशी लढाई संपली की चौकशी समित्या बसतात, नवी पथके उभी राहतात, कायदे दुरुस्त होतात. सुरक्षादलांमध्ये एरवी दहा-दहा वर्षे रखडणारे निर्णय अशा वेळी दहा आठवड्यांत होतात. ते कितपत टिकतात, हा वेगळा प्रश्न आहे.

याचे ठळक उदाहरण म्हणून म्युनिकचा दाखला दिला जातो. सप्टेंबर 1972 मध्ये ऑलिम्पिकच्या वेळी इस्रायली खेळाडूंना ओलीस धरले गेले. त्यांना सोडवताना पश्चिम जर्मनीच्या साध्या पोलिसांची पूर्ण फजिती झाली आणि सगळे ओलीस मारले गेले. पुढच्याच वर्षी 'जीएसजी 9' हे खास पथक उभे राहिले आणि 1977 मध्ये मोगादिशू विमानतळावर त्याने अपहृत विमानातले सर्व ओलीस जिवंत सोडवले. हा धडा नीट शिकल्याचा नमुना. उलटा नमुना ग्रोझनीचा. 1994 च्या अखेरीस रशियाने चेचेन बंडखोरांच्या या राजधानीत रणगाड्यांच्या रांगाच्या रांगा घुसवल्या. गल्लीबोळांत त्या पुढून-मागून अडवून जाळल्या गेल्या. पाच वर्षांनी रशियन सैन्य परतले, तेव्हा त्याने पद्धत बदलली होती. आधी तोफांनी शहर उद्ध्वस्त करायचे आणि मग आत शिरायचे. लष्करी परिभाषेत तीही सुधारणाच. शहरातली लढाई सैन्याला शिकवते हे खरे, पण काय शिकवील याची खात्री नसते.

भारतात या प्रकरणाची सुरुवात अमृतसरपासून होते आणि तिथे एक मराठी नाव अटळपणे येते. जून 1984 मध्ये सुवर्णमंदिरातल्या अतिरेक्यांविरुद्ध 'ऑपरेशन ब्लू स्टार' झाले, तेव्हा जनरल अरुणकुमार वैद्य लष्करप्रमुख होते. दाटीवाटीच्या वस्तीत वसलेला धार्मिक परिसर, तळघरे, संगमरवरी भिंतींतून रोखलेल्या मशीनगन आणि आत अडकलेले यात्रेकरू अशी ती परिस्थिती होती. तिथे पायदळाला रात्री जवळजवळ समोरूनच चाल करावी लागली आणि शेवटी अकाल तख्तावर रणगाड्यांचा मारा करावा लागला. सरकारी श्वेतपत्रिकेने लष्कराचे 83 जवान मृत्युमुखी पडल्याचे नोंदवले. नागरिकांच्या मृत्यूंचा सरकारी आकडा आजही वादग्रस्त आहे. राजकीय परिणाम सर्वांना ठाऊक आहेत. वैद्य निवृत्तीनंतर पुण्यात राहत होते आणि 10 ऑगस्ट 1986 रोजी तिथेच त्यांची हत्या झाली.

लष्करी दृष्टीने या मोहिमेचा निष्कर्ष एवढाच होता की हे काम रणगाड्यांच्या सैन्याचे नव्हे. राष्ट्रीय सुरक्षा दल, म्हणजे एनएसजी, उभारण्याचा निर्णय 1984 मध्ये झाला आणि 1986 मध्ये संसदेने त्याचा कायदा केला. धाडी घालणारा हल्ला-गट लष्करातून आणि त्याला साथ देणारा गट पोलीस व निमलष्करी दलांतून, अशी त्याची रचना ठरली. तिची परीक्षा मे 1988 मध्ये त्याच सुवर्णमंदिरात झाली. 'ब्लॅक थंडर'च्या वेळी पंजाब पोलीस आणि एनएसजी यांनी चाल करण्याची घाई केली नाही. उंचावर नेमबाज बसवले, पाणी-वीज तोडली आणि अतिरेक्यांची हालचाल अशक्य करून वाट पाहिली. पत्रकारांना दूर ठेवण्याऐवजी लांबून सारे पाहू दिले. दहा दिवसांच्या आत आतले लोक हात वर करून बाहेर आले. चार वर्षांत तीच जागा, तोच शत्रू आणि निकालात जमीन-अस्मानाचा फरक. शहरी लढाईतून सुधारणा होते असे म्हणायला यापेक्षा स्वच्छ पुरावा भारतात दुसरा नाही.

मधल्या काळात, ऑक्टोबर 1987 मध्ये, श्रीलंकेत गेलेल्या भारतीय शांतिसेनेला जाफना शहर घेताना याच चुका वेगळ्या रूपात भोवल्या. विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरने उतरवलेली छोटी तुकडी वाट पाहत बसलेल्या तमिळ वाघांच्या तावडीत सापडली आणि जवळजवळ संपूर्ण कापली गेली. पुढे 1990 मध्ये राष्ट्रीय रायफल्स या बंडखोरीविरोधी दलाची उभारणी झाली. 2006 मध्ये लष्कराने अशा मोहिमांसाठी स्वतंत्र युद्धसिद्धान्त लिहून काढला. त्यात कमीत कमी बळ वापरण्यावर आणि नागरिकांना शत्रू न मानण्यावर भर होता. काश्मीर आणि ईशान्येतल्या अनुभवांच्या बरोबरीने जाफन्याचाही त्यात वाटा होता.

महाराष्ट्रात मात्र या सगळ्याची झळ फार उशिरा बसली, कारण राज्यात दहशतवाद म्हणजे बाँबस्फोट असे समीकरण होते. 12 मार्च 1993 रोजी मुंबईत एकामागून एक स्फोट झाले आणि 257 माणसे मेली. त्यासाठीचे आरडीएक्स रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, दिघी आणि शेखाडी इथे उतरवले गेले होते. त्यानंतर नौदल, तटरक्षक दल आणि पोलीस यांची 'ऑपरेशन स्वान' ही संयुक्त गस्त सुरू झाली. 1993 ची सुधारणा ती हीच. पंधरा वर्षांनी समुद्रातूनच पुन्हा हल्ला आला तेव्हा ही गस्त कागदावर चालूच होती.

राज्याचे दहशतवादविरोधी पथक, म्हणजे एटीएस, 2004 मध्ये स्थापन झाले. मे 2006 मध्ये या पथकाने चांदवड-मनमाड महामार्गावर एका टाटा सुमोचा आणि एका इंडिका गाडीचा पाठलाग केला. सुमोत 30 किलो आरडीएक्स, 10 एके-47 रायफली आणि 3,200 काडतुसे सापडली. पुढच्या काही दिवसांत मालेगावसह इतर ठिकाणच्या छाप्यांतून हा साठा आणखी वाढला. 'औरंगाबाद शस्त्रसाठा प्रकरण' या नावाने तो खटला गाजला, पण तो मुळात नाशिक जिल्ह्यातल्या या रस्त्यावर सुरू झाला. इंडिका चालवणारा झबिउद्दीन अन्सारी, म्हणजे पुढचा अबू जुंदाल, निसटला. तो मालेगावला आला, तिथून बांगलादेशमार्गे पाकिस्तानात गेला. नोव्हेंबर 2008 मध्ये तो कराचीच्या त्या खोलीत होता, जिथून मुंबईतल्या हल्लेखोरांना फोनवर सूचना दिल्या जात होत्या. जून 2012 मध्ये सौदी अरेबियाने त्याला भारताच्या हवाली केले आणि शस्त्रसाठा प्रकरणात 2016 मध्ये विशेष न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली.

या प्रसंगाकडे सुधारणांच्या चर्चेत क्वचितच पाहिले जाते, कारण तिथे लढाई झाली नाही. पण खरे तर शहरी युद्ध टाळण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग तिथेच दिसतो. वेळेवर आलेली खबर, ती खबर तपासून रस्त्यावर उतरणारे पथक आणि दोन गाड्यांचा पाठलाग, एवढ्यातून दहा रायफली शहरात पोहोचल्याच नाहीत. आणि एक माणूस सुटला, तर काय होऊ शकते, हेही त्याच प्रसंगाने दाखवले.

26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री दहा हल्लेखोर 'कुबेर' ही मच्छीमारांची बोट बळकावून मुंबईजवळ आले आणि रबरी होडीतून कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीजवळ उतरले. छत्रपती शिवाजी टर्मिनस (सीएसटी), लिओपोल्ड कॅफे, कामा रुग्णालय, ताज, ओबेरॉय-ट्रायडंट आणि नरिमन हाऊस अशा ठिकाणी त्यांनी एकाच वेळी हल्ले केले. साठ तासांच्या आसपास चाललेल्या या लढाईत 166 माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतली पन्नासहून अधिक सीएसटीवरची. लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या दालनात सामानावर डोके टेकून बसलेले हे प्रवासी होते. कल्याण, इगतपुरी, मनमाड, भुसावळ करत उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्या याच दालनाजवळून सुटतात.

सीएसटीवर त्या रात्री पोलिसांकडे काय होते, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. लाठ्या, काही रिव्हॉल्व्हर आणि 'थ्री नॉट थ्री' रायफली. एका दमात तीस गोळ्या झाडणाऱ्या रायफलीसमोर दर गोळीला खटका मागे ओढावा लागणारी बंदूक. तरीही लोहमार्ग पोलिसांचे निरीक्षक शशांक शिंदे पुढे गेले आणि त्यात त्यांचा जीव गेला. उद्घोषक विष्णू झेंडे ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना मागच्या दाराने बाहेर पडायला सांगत राहिल्याने कित्येक जण वाचले. गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी रायफलीची नळी हातांनी धरून ठेवली, म्हणून हल्लेखोर अजमल कसाब जिवंत सापडला. पोलीस अधिकारी हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत मारले गेले. या सगळ्या घटनांत एक सूत्र आहे. जे काही जमले, ते माणसांच्या धाडसामुळे. व्यवस्थेमुळे जवळजवळ काहीच जमले नाही.

राज्य सरकारने नेमलेल्या राम प्रधान समितीने नेमके हेच सांगितले. माजी केंद्रीय गृहसचिव राम प्रधान आणि गुप्तवार्ता क्षेत्रातले जाणकार व्ही. बालचंद्रन यांच्या या समितीने एप्रिल 2009 मध्ये अहवाल दिला. मुंबई पोलिसांकडे 2003 पासून शीघ्र प्रतिसाद पथक होते. दहशतवादी हल्ल्यात कोणी काय करायचे, याची लेखी कार्यपद्धतीही होती. पण पथकाचा गोळीबाराचा सराव दारूगोळ्याच्या तुटवड्याने पुरेसा झालेला नव्हता आणि लेखी कार्यपद्धती त्या रात्री पाळली गेली नाही. पोलीस दलाच्या सर्वोच्च पातळीवरचे नेतृत्व दिसले नाही, असाही शेरा समितीने मारला. अहवाल विधिमंडळात मांडायला डिसेंबर उजाडला, तोवर तो वर्तमानपत्रांत फुटून गेला होता. काडतुसे नसल्याने सराव होत नाही, ही बाब 166 माणसांच्या मृत्यूनंतरच एखाद्या अहवालात ठळकपणे यावी, यात सुधारणांच्या राजकारणाबद्दल बरेच काही कळते.

दुसरी उणीव अंतराची होती. एनएसजीचा तळ हरियाणात मानेसरला. कमांडोंना न्यायचे विमान चंडीगडला. हल्ल्याची पहिली गोळी रात्री साडेनऊच्या सुमारास सुटली. कमांडो पहाटे साडेपाचच्या सुमारास मुंबईत उतरले, बेस्टच्या बसमधून दक्षिण मुंबईत आले आणि प्रत्यक्ष कारवाईला सकाळचे नऊ वाजून गेले. नौदलाचे मार्कोस कमांडो मध्यरात्रीनंतर ताज आणि ओबेरॉयमध्ये पोहोचले होते, पण त्यांची संख्या अगदी थोडी होती. त्यापूर्वी ताजमध्ये पोलीस उपायुक्त विश्वास नांगरे पाटील यांच्यासारखे अधिकारी हातातल्या पिस्तुलांनिशीच आत शिरले होते. हॉटेलचे आराखडे हाताशी नव्हते. जुन्या वास्तूतले जिने, मागचे मार्ग आणि बंद दालने कमांडोंना लढता लढताच शोधावी लागली. ताजमध्ये मेजर संदीप उन्नीकृष्णन आणि नरिमन हाऊसमध्ये हवालदार गजेंद्रसिंह बिश्त यांना वीरमरण आले. नरिमन हाऊसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून कमांडो उतरले, ते दृश्य देशभर दूरचित्रवाणीवर थेट दिसले आणि कराचीतही दिसले. फोनवरून सूचना देणारे बातम्या पाहून हल्लेखोरांना बाहेरची हालचाल सांगत होते, हे टिपलेल्या संभाषणांवरून स्पष्ट झाले. कसाबच्या अपिलाच्या निकालात 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांना यासाठी खडसावले. मार्च 2015 मध्ये केबल नियमांत बदल होऊन दहशतवादविरोधी कारवाईचे थेट प्रक्षेपण बंद झाले. अधिकृत अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेली माहितीच दाखवता येते.

यानंतर सुधारणांचा ओघ सुरू झाला. केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील, मुख्यमंत्री विलासराव देशमुख आणि राज्याचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांना पदे सोडावी लागली. पी. चिदंबरम यांनी केंद्रात गृहखाते हाती घेतल्यावर महिन्याभरात संसदेने राष्ट्रीय तपास यंत्रणेचा, म्हणजे एनआयएचा, कायदा केला आणि बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा कडक केला. गुप्तवार्ता एकत्र करणारे मल्टी एजन्सी सेंटर 2001 पासून नावापुरते होते. ते चोवीस तास चालू लागले. 2009 च्या मध्याला मुंबई, चेन्नई, हैदराबाद आणि कोलकात्यात एनएसजीची केंद्रे उघडली, प्रत्येक ठिकाणी सुमारे अडीचशे कमांडो. गरज पडल्यास कोणतेही विमान ताब्यात घेण्याचे अधिकार दलाच्या प्रमुखांना मिळाले. नंतर गुजरातेत गांधीनगरलाही केंद्र झाले.

राज्यात 'फोर्स वन' उभे राहिले. राज्य पोलिसांतून सुमारे तीन हजार इच्छुकांमधून दोनशेच्या आसपास जवान निवडले गेले आणि गोरेगावात त्यांचे केंद्र झाले. मुंबई पोलिसांना नव्या रायफली, चिलखती गाड्या, बुलेटप्रूफ जॅकेट मिळाली. शहरभर कॅमेऱ्यांचे जाळे उभारण्याची शिफारस मात्र निविदांच्या चक्रात अनेक वर्षे अडकली. सुमारे 4,700 कॅमेऱ्यांचे ते जाळे 2016 मध्ये पूर्ण झाले, म्हणजे हल्ल्यानंतर आठ वर्षांनी.

समुद्राच्या बाबतीत फेब्रुवारी 2009 चा निर्णय सर्वांत मोठा मानला पाहिजे. किनारी आणि सागरी सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडे आली, प्रादेशिक समुद्राची तटरक्षक दलाकडे आणि किनाऱ्याजवळची सागरी पोलिसांकडे. नौदलाने सुमारे एक हजार जवानांचे आणि 80 वेगवान बोटींचे 'सागर प्रहरी बल' उभारले. मुंबईसह चार ठिकाणी संयुक्त कारवाई केंद्रे झाली, किनाऱ्यावर रडारची साखळी लागली, मच्छीमारांना ओळखपत्रे मिळाली आणि 2014 मध्ये गुरुग्रामला सगळी माहिती एकत्र येणारे केंद्र सुरू झाले. 2019 पासून 'सी व्हिजिल' हा देशव्यापी सराव होतो. तरीही ऑगस्ट 2011 उजाडण्याच्या तोंडावर 'पवित' नावाचे मोकाट जहाज वाहत वाहत जुहूच्या चौपाटीला येऊन टेकले. ते कोणालाच दिसले नव्हते. महाराष्ट्राचा 720 किलोमीटरचा किनारा आणि हजारो मासेमारी बोटी पाहता त्यात फार आश्चर्य नव्हते. सागरी पोलिसांच्या बोटी अनेकदा इंधन आणि खलाशांअभावी बांधून ठेवलेल्या असतात, ही तक्रार पुढेही राहिली. नवी बोट विकत घेण्यासाठी पैसा एकदाच मंजूर करावा लागतो, ती रोज पाण्यात ठेवण्यासाठी दर वर्षी. दुसऱ्याला राजकीय श्रेय मिळत नाही.

मुंबईच्या अनुभवाचा अभ्यास बाहेरच्यांनीही केला. न्यूयॉर्क पोलिसांचे पथक डिसेंबर 2008 मध्येच मुंबईत येऊन गेले. लॉस एंजेलिस पोलिसांनी एकाच वेळी अनेक ठिकाणी होणाऱ्या हल्ल्यांसाठी साध्या गस्तीच्या पोलिसांना प्रशिक्षण देण्याची पद्धत आखली. नोव्हेंबर 2015 मध्ये पॅरिसमध्ये बाताक्लां नाट्यगृहासह अनेक ठिकाणी हल्ले होऊन 130 माणसे मेली. त्यानंतर फ्रान्सने नियम केला, की जे पथक सर्वांत जवळ असेल त्याने आधी शिरायचे, मग ते कोणत्या खात्याचे का असेना. या सर्वांचा रोख एकाच गोष्टीवर होता. खास कमांडो येईपर्यंतचा पहिला अर्धा तास साध्या पोलिसाने सांभाळायचा असतो.

भारतात या मुद्द्यावर दोन परीक्षा झाल्या आणि उत्तरे परस्परविरोधी आली. जुलै 2015 मध्ये पंजाबमधल्या दीनानगर पोलीस ठाण्यावर हल्ला झाला. एनएसजीची वाट न पाहता पंजाब पोलिसांनी तो दिवसभरात मोडून काढला. त्यांचे पोलीस अधीक्षक बलजित सिंग त्यात मारले गेले. पाचच महिन्यांनी, जानेवारी 2016 मध्ये, पठाणकोटच्या हवाई तळावर दिल्लीहून एनएसजी पाठवले गेले. लष्कराच्या मोठ्या तुकड्या जवळच असताना नेतृत्व कोणाकडे, याचा गोंधळ झाला आणि कारवाई काही दिवस लांबली. मुंबईनंतर एनएसजी सर्वत्र पोहोचते केले खरे, पण 'प्रत्येक वेळी एनएसजीच' ही सवयही लागली. शेवटच्या हल्ल्याची दुरुस्ती पुढच्या हल्ल्यात अडचण ठरण्याचे हे चांगले उदाहरण आहे. दहशतवादविरोधी राष्ट्रीय केंद्राचा, म्हणजे एनसीटीसीचा, प्रस्ताव 2012 मध्ये राज्यांच्या विरोधाने बारगळला, त्यामागेही अधिकार कोणाचे हाच वाद होता. कायदा-सुव्यवस्था हा राज्यांचा विषय आहे आणि तो तसाच राहील. त्यामुळे केंद्रातून खाली येणाऱ्या सुधारणेला एका मर्यादेपलीकडे जाता येत नाही.

ही मर्यादा मनमाडसारख्या गावात स्पष्ट दिसते. मोठे रेल्वे जंक्शन, अन्न महामंडळाची विस्तीर्ण गोदामे, पानेवाडीचे इंधन साठे आणि मालेगाव, शिर्डी, नाशिक, छत्रपती संभाजीनगर यांना जोडणारे रस्ते, असे हे गाव आहे. फलाटावर कायदा-सुव्यवस्था लोहमार्ग पोलिसांकडे, रेल्वेची मालमत्ता रेल्वे सुरक्षा दलाकडे, स्थानकाबाहेर नाशिक ग्रामीण पोलीस. तीन गणवेश, तीन वरिष्ठ आणि एकच गर्दी. रेल्वेने 2019 मध्ये स्वतःचे कमांडो दल 'कोरस' उभारले, संवेदनशील स्थानकांसाठी एकात्मिक सुरक्षा योजनाही आखली. पण अशा ठिकाणी पहिला सामना ठाण्यातला हवालदारच करणार. तो किती वेळा खऱ्या काडतुसांनी सराव करतो, स्थानकाचा नकाशा त्याला ठाऊक आहे का, तिन्ही खात्यांचे वायरलेस एकमेकांशी बोलते का, हे प्रश्न फोर्स वनच्या बातम्यांत येत नाहीत. नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीतून दर वर्षी फौजदारांच्या तुकड्या बाहेर पडतात. राज्याच्या शहरी युद्धतयारीचा खरा पाया तिथे घातला जातो आणि त्यावरचा खर्च कमांडो पथकांइतका चर्चेत कधीच नसतो.

अमृतसर, मुंबई आणि पठाणकोट या तिन्ही ठिकाणांहून निघणारा निकाल एकच आहे. हल्ल्यानंतर हत्यारे, बोटी आणि पथके लवकर येतात. सराव, आपसातला समन्वय आणि रोजची देखभाल उशिरा येते किंवा येतच नाही. मनमाडहून नाशिकचे जिल्हा मुख्यालय सुमारे नव्वद किलोमीटरवर आहे आणि मुंबईतले एनएसजी केंद्र अडीचशेहून अधिक.